वरच्या हॉलमधली खुर्ची

११ जानेवारी

मामाने आज पुन्हा चप्पल फेकून मारली. नेम चुकला, चप्पल डब्यांवर बसली, डबे वाजले, आणि डबे वाजले म्हणून त्याने दुसरी फेकली. ती लागली.

मामा रात्रपाळीचा वॉचमन आहे. दिवसभर झोपतो. तो झोपलेला असताना आमच्या खोलीत पालीनेसुद्धा जपून चालावं. संध्याकाळी उठला की त्याहून वाईट. आठला तो कामावर गेला की मग ते घर वाटतं. म्हणजे शाळा सुटल्यापासून आठपर्यंत मला कुठेतरी असायला हवं. आई इस्त्रीच्या दुकानात असते, तिथे कपड्यांनाच जागा पुरत नाही. "माझा भाऊ आहे म्हणून डोक्यावर छप्पर आहे, बाळा. जरा कळ सोस," असं ती म्हणते. तिचा भाऊ, आणि कळ माझ्या पाठीत.

ग्रंथालयाचा वरचा हॉल नसता तर मी कुठे गेले असते कोण जाणे. खाली पेपर वाचणारे आजोबा लोक, वर आम्ही पोरं. कुणाकडे कार्ड आहे, कुणाकडे नाही. ग्रंथपाल बाई विचारत नाहीत. "पुस्तक समोर उघडं ठेवा, म्हणजे मला साहेबांना उत्तर देता येतं," एवढंच सांगतात. माझी खुर्ची शेवटच्या कपाटामागे, खिडकीला लागून. तिथून जिना दिसतो, पण जिन्यावरून आपण दिसत नाही. परीक्षेपर्यंत ती खुर्ची आणि मी. पास झाले की नोकरी, नोकरी लागली की आईला घेऊन वेगळी खोली. मामाला सांगायचंसुद्धा नाही.

१६ जानेवारी

माझ्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती.

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मला बाजूला घेतलं. "काही दिवस तिला तिथे बसू दे. तू शहाणी आहेस." शहाण्या माणसालाच नेहमी उठवतात. मूर्खाला उठवायला गेलं तर तो भांडतो ना.

मी लांबूच्या समोर बसले. लांबूचे पाय इतके लांब की त्याने गुडघा हलवला की टेबल हलतं आणि माझी बेरीज चुकते. तो गाड्या दुरुस्तीची मासिकं वाचतो, म्हणजे चित्रं बघतो. मी म्हणाले, "आयत्या बिळावर नागोबा."

"नागोबा कसला," लांबू म्हणाला, "गांडूळ आहे ते बिचारं. बघ ना."

मी बघितलं. माझ्याच वयाची असेल. बाईंशी बोलायलाही त्यांच्या कानाजवळ तोंड नेत होती. लांबूने तिचं नाव कुजबुज ठेवलं.

१९ जानेवारी

कुजबुज आज हात धुताना माझ्याशी बोलली. तशीच, कुजबुजत. नळ चालू असताना तिचं ऐकायला मला तिच्या तोंडाला कान लावावा लागला.

तिच्या भावाने तिचं लग्न ठरवलंय. तो जिथे कामाला आहे त्या गोदामाच्या मालकाशी. मालकाची बायको वारली, त्याची मुलगी कुजबुजपेक्षा एक वर्षाने लहान. कुजबुज घरातून निघून आलीय. रात्री मैत्रिणीकडे झोपते, मैत्रिणीचे वडील उठायच्या आत तिथून निघते, दुपारपर्यंत फिरते, मग इथे. येत्या एक तारखेला परिचारिकांच्या शाळेचं वसतिगृह उघडतं. बाईंची बहीण तिथे बघते सगळं. एकदा आत गेलं की भावाला फाटकाच्या आत पाऊल टाकता येणार नाही.

"एवढे दिवस निघाले की झालं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुला सांगितलं, कारण तू माझ्यासारखी वाटतेस."

मला ते आवडलं नाही. मी कुठे घर सोडून पळाले आहे?

बाईंनी आज डब्यातली अर्धी भाजी तिला दिली. मला विचारलंच नाही असं नाही. नंतर विचारलं. मी भूक नाही म्हणाले.

२२ जानेवारी

तिचा भाऊ आला. कुणी सांगितलं कळत नाही, मैत्रिणीच्या घरून कळलं असेल. खाली फाटकावर हात आपटत होता आणि बाईंना नको नको ते बोलत होता. पेपरवाले आजोबा सगळे उठून उभे राहिले. बाईंनी कुजबुजला पुस्तकं शिवायच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. लांबू खाली जाऊन फाटकाच्या अलीकडे उभा राहिला. दोघांची चांगलीच जुंपली. भावाने लांबूच्या आईचा उद्धार केला, लांबूने त्याच्या सगळ्या खानदानाचा. शेवटी रस्त्यावरची माणसं जमली तेव्हा तो गेला.

मग साहेब वर आले. साहेब वर येत नाहीत कधी.

"हे ग्रंथालय आहे, धर्मशाळा नाही," ते बाईंना आमच्यादेखत म्हणाले. "गेल्या महिन्यात पोरांनी दाराची काच फोडली, तेव्हा मी पोटात घातलं. आता पुन्हा असा तमाशा झाला तर या हॉलला कुलूप. सगळ्यांसाठी."

बाई म्हणाल्या, "लावा. पण मुलीला मी बाहेर काढणार नाही."

बाईंचं काय जातं लावा म्हणायला? त्यांना संध्याकाळी जायला घर आहे.

लांबू माझ्याबरोबरच जिना उतरला. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी ती पोरं उभी असतात, नशेच्या पुड्या पोचवणारी. त्याला रोज बोलावतात. बाप कामावरून येईपर्यंत तो इथे दडतो. "हॉल बंद झाला तर मी मेलो," म्हणाला. आणि हसला. म्हणजे हा फक्त माझा प्रश्न नाही. हे मला लिहून ठेवायचंय.

२३ जानेवारी

अभ्यास शून्य. खालून कुणीही मोठ्याने बोललं की पुस्तक सोडून मी जिन्याकडे बघते. कुजबुज माझ्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघून हसली. असं हसायचं असतं का?

२४ जानेवारी

तो बसथांब्यावर उभा होता. मी ओळखलंच नाही आधी. धुतलेला शर्ट, ओल्या केसांचा भांग. मला "ताई" म्हणाला. त्याच्यापेक्षा मी किती लहान आहे!

"परवा ओरडलो ते चुकलंच माझं," म्हणाला. "आईने अन्न सोडलंय, ताई. मला बहिणीशी दोन मिनिटं बोलायचंय. आत येऊ देत नाहीत, मग माणूस ओरडणार नाही तर काय करणार?"

मी म्हणाले, "तुम्ही परत ओरडलात तर आमचा हॉल बंद होईल."

"म्हणून तर विचारतोय. नाहीतर उद्या येतो परत फाटकावर. मला काय, मी रोज येईन."

मी विचारलं, "मारणार नाही ना तिला?"

"सख्खी बहीण आहे माझी!"

मामासुद्धा आईचा सख्खा भाऊच आहे. हे मला तेव्हा आठवलं नाही, आता लिहिताना आठवलं.

मी सांगितलं. ती हॉल सुटायच्या थोडं आधी मागच्या जिन्याने एकटीच खाली जाते, बाटली भरायला. मागचं दार तेव्हा उघडं असतं, झाडूवाली कचरा काढते म्हणून. मी त्याला बजावलं की आत पाऊल टाकायचं नाही, आवाज करायचा नाही, शांतपणे बोलायचं. तो मान हलवत होता. चहा घेणार का विचारलं त्याने. मी घेतला नाही. म्हणजे मी हे काही त्याच्यासाठी केलेलं नाही.

आईने अन्न सोडलं असेल तर मुलीला कळायला नको का?

२५ जानेवारी

कुजबुज बाटली घेऊन उठली. जाताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाली, "तुझी पण भरून आणू?" मी नको म्हणाले. माझी अर्धी रिकामी होती.

मी गणित सोडवत होते. नंतर मागच्या जिन्यावर काहीतरी पडल्यासारखं वाजलं. एकदाच ती ओरडली. ती ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं. तिचा खरा आवाज जाडसर आहे.

लांबू उठला तो खुर्ची पाडूनच. माझ्या समोरून पळत गेला, एकेका उडीत तीन तीन पायऱ्या. मी उठले नाही. उठून काय केलं असतं? मी पेन धरून बसले होते. बाई खाली साहेबांकडे गेल्या होत्या.

लांबू परत आला तेव्हा त्याचा ओठ फाटला होता. "दोघं होते. गाडीत घातलं तिला. तोंडावर कापड टाकलं होतं," म्हणाला, आणि जमिनीवर बसला. एवढा मोठा मुलगा, रडत होता.

समोरून कुणाला काही कळलं नाही. आजोबा लोक पेपर वाचत होते. फाटकावर गर्दी नाही, काही नाही.

दोन मिनिटं बोलतो म्हणाला होता तो. मला फसवलं त्याने.

२७ जानेवारी

बाई पोलिसांत गेल्या. तिथे त्यांना सांगितलं की मुलगी स्वतःच्या घरी आहे, आईजवळ आहे, मग तक्रार कशाची? बाई तिच्या घरीही गेल्या. दार उघडलं नाही कुणी.

आज त्यांनी हॉलमध्ये सगळ्यांना विचारलं, "मागच्या दाराचं त्याला कुणी सांगितलं?" मी खाली मान घालून बसले. सगळेच खाली मान घालून बसले होते, त्यामुळे वेगळं दिसलं नसेल.

खुर्ची रिकामी आहे. मी तिथे बसले नाही. इतकी काही मी निर्लज्ज नाही.

२९ जानेवारी

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. बाई पण होत्या. बाईंचे डोळे सुजलेले. साहेब म्हणाले, "तू अभ्यासू मुलगी आहेस, बाई सांगतात. तू खरं सांगशील. त्या माणसाशी इथल्या कुणाला बोलताना पाहिलंस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "लांबूला पाहिलं होतं. फाटकाशी."

हे खोटं नाही. तो बोललाच होता. भांडत होता, पण बोलत होता.

बाई म्हणाल्या, "अगं, पण तो तर त्या दिवशी तिला सोडवायला धावला म्हणतो."

साहेब म्हणाले, "ओठ पैशांच्या वाटणीवरून फुटला नसेल कशावरून?"

मग लांबूला बोलावलं. मी तिथेच होते. त्याने माझ्याकडे बघितलं. "ही सांगेल. हिच्या समोरून पळालो मी. सांग ना गं."

मी म्हणाले, "मी गणित करत होते. माझं लक्ष नव्हतं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. रागाने नाही. काहीतरी चुकून झालंय आणि मी आता दुरुस्त करीन, अशा नजरेने. साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. बाईंनी मध्ये तोंड उघडलं होतं, पण मग माझ्याकडे बघून मिटलं. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा.

ओठ फुटण्याबद्दल मी काही बोलले नव्हते. ते साहेब बोलले.

१० फेब्रुवारी

हॉल उघडा आहे. साहेबांनी उलट आणखी दोन दिवे लावून दिले. मी खिडकीजवळ बसायला लागले. बाईच म्हणाल्या, "बस गं, रिकामी ठेवून ती थोडीच येणार आहे." डब्यातलं पण देतात. चाचणीत वर्गात दुसरी आले.

२ मार्च

लांबूला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी पाहिलं. त्या पोरांबरोबर. नवे बूट होते पायात. मी रस्ता ओलांडला. त्याने हाक मारली नाही.

मामाने काल आईवर हात उचलला. आई म्हणाली, मी मधे पडले म्हणून लागलं. कुणाच्या मधे? खोलीत दोघंच होती.

९ मार्च

लांबूला पोलिसांनी धरलं. बाजारामागे, पिशवीसकट. त्याचा बाप ग्रंथालयात आला होता. बाईंना म्हणत होता, "तुमच्या इथे बसायचा तोवर चांगला होता हो माझा पोरगा. का काढलंत?" बाईंनी त्याला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

ज्याला वाईटच व्हायचंय तो कुठेही होतो, असं आई म्हणते. मी तिला मुद्दाम विचारलं होतं.

१५ मार्च

कुजबुज आली. गळ्यात जाड सोनं, अंगावर कडक नवे कपडे. लग्न त्याच आठवड्यात लावलं म्हणाली. नवरा खाली गाडीत बसला होता, पुस्तक परत द्यायचंय एवढं सांगून ती वर आली होती. बाई नेमक्या बाहेर गेलेल्या. मला बघितलं आणि मला मिठीच मारली. एक हात तिने वर उचललाच नाही, नुसता लोंबत होता.

"तूच आलीस ना गं धावत?" ती म्हणाली. "तोंडावर कापड होतं, पण जिन्यावरून कुणीतरी धावत येताना ऐकलं मी. मी तिथे रोज तेच आठवते. कुणीतरी आलं होतं. तूच असणार."

मी काय बोलणार? मी म्हणाले, "हो."

मग तिने विचारलं, "आणि दाराचं कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "लांबूने." तो तसाही आत आहे. त्याचं आता आणखी काय बिघडणार?

"मला वाटलंच नव्हतं त्याच्याबद्दल," ती म्हणाली. मग कुजबुजत, माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं की गुरुवारी नवरा माल घेऊन बाहेरगावी जातो. ती चारला इथे येईल. बाईंना सांगून ठेव, त्यांच्या बहिणीकडे लगेच न्यायची तयारी ठेवा म्हणावं. "तुझ्याशिवाय कुणाला सांगणार मी?"

खालून हॉर्न वाजला. ती गेली.

१७ मार्च

बाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगायचंय. पण सांगितलं की त्या कुजबुजला भेटणार, आणि कुजबुज म्हणणार ही धावत आली होती, आणि बाई म्हणणार, अगं, हिचं तर लक्षच नव्हतं. मग एकेक दोरा निघत जाणार. परीक्षा सोमवारी सुरू होतेय. परीक्षा झाली की मी स्वतः सगळं सांगणार आहे.

खालच्या खोलीला रंग देतायत म्हणून पेपरवाले आजोबा वर येऊन बसतात. सारखे खाकरतात.

१८ मार्च

बाई म्हणाल्या, उद्या त्या दाढ काढायला जाणार, रजा आहे. मी म्हणाले, बरं. त्या म्हणाल्या, "काही सांगायचं होतं का तुला? दोन दिवस माझ्या टेबलाभोवती घुटमळतेयस."

मी म्हणाले, "नाही. परीक्षेची भीती वाटते."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१९ मार्च, गुरुवार

ती आली. हातात कापडी पिशवी. धापा टाकत होती. "बाई?"

"येतीलच," मी म्हणाले. का म्हणाले? आज येणार नाहीत म्हटलं असतं तर ती कुठेतरी दुसरीकडे गेली असती. वसतिगृहाचा पत्ता विचारत गेली असती. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मला तेच बोलता आलं.

आम्ही खिडकीपाशी बसलो. तिला खुर्ची दिली, मी स्टूल घेतलं. तिने पोळीत गुंडाळलेली भाजी आणली होती, मला अर्धी दिली. बसमध्ये कुणी विचारलं तर काय सांगायचं, तिकडे गेल्यावर केस कापायचे, असं काय काय बोलत होती. वसतिगृहात माझ्यासाठीही विचारीन म्हणाली. "तुझी परीक्षा झाली की तू पण ये. आपण एका खोलीत राहू." मी हो म्हणत होते. मला खरंच वाटत होतं की बाई येतील. दाढ काढायला कितीसा वेळ लागतो?

पाच वाजून गेले असतील. जिन्यावर बूट वाजले. त्या जागेवरून जिना दिसतो, म्हणून आम्हाला आधी दिसलं. तिचा भाऊ. तिने टेबलाखाली माझा हात धरला, चांगल्या हाताने. इतका घट्ट की माझी बोटं दुखली.

त्याने आरडाओरडा केला नाही. शांतपणे आमच्यापाशी आला. तिला म्हणाला, "दुसरीकडे कुठे जाणार तू? चल. तो परतायच्या आत घरी सोडतो, त्याला कळणार नाही. मी पण नाही सांगणार." खरंच समजुतीने बोलत होता. मग त्याने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, ताई! तुम्ही." माझ्याकडे बोट करून तो बहिणीला म्हणाला, "यांचे पाय धर. त्या दिवशी यांनी मागच्या दाराचं सांगितलं नसतं, तर तू कुठे रस्त्यावर पडली असतीस? आई अजून आशीर्वाद देते यांना."

तिने माझा हात सोडला. ओढून घेतला नाही, नुसता सोडला. उठली, पिशवी खांद्याला लावली. दोन पावलं गेली आणि मागे वळली. पूर्ण आवाजात, त्या जाडसर आवाजात, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं तिने विचारलं, "मग लांबू?"

मी पुस्तकात बघत होते.

"मग लांबू गं?"

पलीकडच्या टेबलावरचे एक आजोबा पेपरातून मान वर काढून म्हणाले, "शू! इथे लोक वाचतायत."